नारूची काडी, डासाचा आणा आणि गिळलेली दोन हजार अंडी

फेब्रुवारीची १० आणि ऑगस्टची १०. या तारखांना शाळा-अंगणवाड्यांत एक ठरलेलं दृश्य दिसतं. पोरं ओळीत उभी, ताईंच्या हातात गोळ्या आणि "चावून खा रे, नुसती गिळू नको" हा एकच घोष. गोळी अल्बेंडाझोलची. दोन वर्षांवरच्यांना ४०० मिलिग्रॅमची अख्खी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, तीही पूड करून पाण्यातून. २०१५ पासून हा जंतनाशक दिन सुरू आहे.

ही गोळी जंताला उपाशी मारते. जंताच्या पेशींत अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि साखर शोषण्याचं काम त्यांच्या आधारावर चालतं. गोळी नेमकी त्या नळ्यांवर घाला घालते. आपण जेवलेलं अन्न जंताच्या अवतीभवती असतं, पण ते त्याच्या अंगी लागत नाही आणि तो मरून जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मातीतून येणारे जंत जगात सुमारे १५० कोटी माणसांच्या पोटात आहेत. दर पाच माणसांमागे जवळपास एक! मला या विषयाचं वेड लागलं ते माझ्या आजीमुळे. तिच्या घोट्यावर एक खूण होती. तिची गोष्ट शेवटी सांगते, कारण ती सुरू केली की मला थांबवत नाही.

दोन हजार अंडी, एक डॉक्टर

पोटात सापडणारा मोठा गोल जंत दिसायला फिकट गांडुळासारखा असतो. मादी ३५ सेंटीमीटरपर्यंत वाढते, म्हणजे शाळेतल्या पट्टीपेक्षा लांब, आणि दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ही अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात.

खरी गंमत पुढे आहे. मातीच्या हातातून किंवा न धुतलेल्या भाजीतून अंडं पोटात गेलं आणि आतड्यात फुटलं, की अळी तिथेच मुक्काम करत नाही. ती आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून आणि हृदयातून फुप्फुसात पोचते, श्वासनलिकेतून वर चढते, खोकल्यासरशी घशाशी येते आणि आवंढ्याबरोबर गिळली जाऊन पुन्हा आतड्यात उतरते. मोठी होते ती या दुसऱ्या खेपेला. ज्या घरातून निघाली त्याच घरी यायला सगळ्या अंगाची प्रदक्षिणा!

हे माणसात खरंच असं घडतं का, हे पडताळायला शिमेसू कोइनो या जपानी डॉक्टरांनी १९२२ साली स्वतः दोन हजार अंडी गिळली. काही दिवसांत त्यांना फुप्फुसाचा त्रास सुरू झाला आणि थुंकीत अळ्या सापडल्या. पोरांना जंत झाले की कधीकधी आधी खोकला का लागतो, याचं उत्तर या माणसाने स्वतःच्या छातीतून काढून दिलं.

राजेही सुटले नाहीत. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड १४८५ साली लढाईत मेला. २०१२ मध्ये लेस्टर शहरात गाड्या लावायच्या जागेखाली त्याचा सांगाडा मिळाला. कमरेच्या हाडांजवळची माती तपासली तर तिच्यात याच जंताची अंडी निघाली. आल्प्सच्या बर्फात ज्याचा मृतदेह सापडला तो ओट्झी नावाचा माणूस तर ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या आतड्यात चाबूककृमी या दुसऱ्या जंताची अंडी होती.

आळशी म्हणून हिणवलेली माणसं

अंकुशकृमीला तोंडाची गरज नाही, म्हणजे आपल्या तोंडाची. तो पायातून येतो. ओल्या मातीत अळी वाट बघत असते, अनवाणी तळवा पडला की बोटांमधल्या मऊ कातडीतून आत घुसते. हे कळलं ते एका अपघातातून. कैरोमध्ये आर्थर लूस नावाचा जर्मन शास्त्रज्ञ अळ्यांवर प्रयोग करत होता. अळ्यांचं पाणी त्याच्या हातावर सांडलं. हात लाल झाला, चुरचुरला. पुढे त्याच्या स्वतःच्याच शौचात अंकुशकृमीची अंडी दिसू लागली, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आतड्यात पोचलेला अंकुशकृमी भिंतीला दातांनी धरून रक्त पितो. त्याची एक जात दिवसाला साधारण ०.२ मिलिलिटर रक्त घालवते. वाचायला किरकोळ वाटतं. पण पोटात असे शंभर असले तर रोज चार चमचे रक्त गेलं. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी आहे, जिचं जेवण सगळ्यांच्या मागून आणि उरलंसुरलं असतं, तिला हे चार चमचे उभं राहू देत नाहीत. धाप लागते, चेहरा पांढराफटक पडतो, कुणाकुणाला माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत असंच झालं होतं. तिथल्या गरीब शेतकऱ्यांना सगळा देश आळशी म्हणायचा. चार्ल्स स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाने ठासून सांगितलं, ही माणसं आळशी नाहीत, आजारी आहेत. वर्तमानपत्रांनी अंकुशकृमीला ‘आळसाचा जंतू’ असं नाव दिलं. १९०९ मध्ये उद्योगपती रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर दिले, गावोगाव तपासण्या झाल्या, आणि सुमारे ४० टक्के लोकांच्या पोटात हा कृमी निघाला. औषध, संडास आणि पायात जोडा, एवढ्यावर लोक उभे राहिले. कुणाला ‘कामचुकार’ म्हणायच्या आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून तिचा रंग बघावा, असं मला हे वाचल्यापासून फार वाटतं.

गोड खाल्लं म्हणून?

"गोड खातोस, जंत होतील!" हे प्रत्येक मराठी घरातलं वाक्य. साखरेतून जंत होत नाहीत. ते अंड्यातून किंवा अळीतूनच येतात. रात्री दात खाण्याचा जंतांशी संबंधही पक्का जोडता आलेला नाही. मात्र रात्री शौचाच्या जागी येणारी खाज हा पक्का पुरावा. सुताच्या तुकड्यासारख्या बारीक कृमीची मादी मूल झोपल्यावरच बाहेर येऊन अंडी घालते. मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांत जातात, सकाळी तोच हात बिस्किटाला. म्हणून नखं कापा, आणि एकाला झाले तर औषध घरातल्या सगळ्यांना द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा.

कोबीतला तो किडा

"कोबी नको गं, त्यातला किडा मेंदूत जातो." ही भीती इतकी पसरलीय की काही घरांत कोबीची भाजीच बंद झाली. कोबीच्या पानात दिसणारी हिरवी अळी पतंगाची असते. ती मेंदूत जात नाही, शिजवली की मरते.

मेंदूत जातं ते दुसरंच. डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमीची अंडी डोळ्यांना दिसतच नाहीत. ज्याच्या पोटात फीतकृमी आहे त्याच्या विष्ठेतून ती बाहेर पडतात. सांडपाण्यावर पिकवलेली कोणतीही कच्ची भाजी, न धुतलेला हात, उघड्यावरचं पाणी, यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथून निघालेली अळी रक्तावाटे मेंदूत पोचली तर वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान गाठ करून बसते. म्हणूनच जन्मात मांसाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होतो. शुद्ध शाकाहारी घरातल्या लोकांना डॉक्टरांनी हे सांगितलं की ते आधी चिडतात, कारण त्यांना तो आपल्या आचारावरचा आरोप वाटतो. तो तसा नाही. प्रश्न स्वयंपाक करणाऱ्या, भाजी पिकवणाऱ्या, वाढणाऱ्या हातांचा आणि सांडपाण्याचा आहे.

जिथे हा कृमी मुरलेला आहे तिथल्या फेफऱ्याच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांना ते या गाठींमुळे येतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आकडी आली की आपल्याकडे अजून कांदा हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात. त्यापेक्षा माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका आणि आकडी थांबली की दवाखाना गाठा. ही गाठ ओळखता येते, तिच्यावर उपचार आहेत.

जाता जाता, फीतकृमीला स्वतःचं पोटच नसतं. तोंड नाही, आतडं नाही. गोमांसातून येणारी त्याची जात दहा मीटरपर्यंत वाढू शकते आणि हे एवढं लांब अंग आपलं पचलेलं अन्न नुसत्या कातडीतून शोषून घेतं.

फणीवरचं वाक्य

इस्रायलमधल्या लाखीश इथे हस्तिदंताची एक छोटी फणी सापडली, बोटाच्या पेराएवढी. वय सुमारे ३,७०० वर्षं. २०२२ मध्ये तिच्यावरची १७ अक्षरं वाचली गेली. कनानी वर्णमालेत लिहिलेलं, आजवर सापडलेलं ते सगळ्यात जुनं पूर्ण वाक्य ठरलं. वाक्य काय? या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत, अशी इच्छा! आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या फणीच्या एका दात्यावर उवेच्या पिल्लाच्या सालीचे अवशेषही मिळाले.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या ओट्यावरची दुपार आठवली. आईच्या मांडीवर डोकं, वर्तमानपत्राचं पांढरं पान पसरलेलं, बारीक दात्यांची लाकडी फणी केसांच्या मुळापासून खरवडत आलेली आणि दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये ‘टिक’. फणी तीच, इच्छा तीच.

उवांनी इतिहासही सांगितला. डोक्यातली ऊ केसांत राहते, अंगावरची ऊ कपड्यांच्या शिवणीत. म्हणजे कपडे आल्याशिवाय ही दुसरी ऊ वेगळी होणं शक्य नव्हतं. दोघींच्या डीएनएतला फरक मोजून अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हिशेब मांडला: माणूस कपडे घालू लागला तो सुमारे १,७०,००० वर्षांपूर्वी. कापड कुजतं, त्याचा मागमूस राहत नाही. उवेने तो जपून ठेवला.

आणि आयांनो, ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. शाळेतून ऊ आली म्हणजे मूल अस्वच्छ असं नव्हे. त्याला मैत्रिणी आहेत एवढंच.

एका डासाचा एक आणा

२० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर डास फाडत बसला होता. उकाडा असह्य, पण पंखा बंद, कारण वाऱ्याने चिमुकले डास उडून जायचे. कपाळाच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, काच तडकलेली. त्या दिवशी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या पोटाच्या भिंतीत त्याला मलेरियाचे गोळे दिसले. १९०२ मध्ये नोबेल मिळालं.

ज्याचं रक्त त्या डासाने प्यायलं होतं, त्याचं नाव हुसेन खान. मलेरियाचा रुग्ण. मच्छरदाणीत डास सोडायचे, त्याने चावून घ्यायचं आणि दर डासामागे एक आणा. नोबेलच्या गोष्टीत रॉसचं नाव सगळे घेतात. मला हुसेन खानचं नावही तितक्याच मोठ्याने घ्यावंसं वाटतं.

मुंबईचा धडा पुढचा. इथल्या मलेरियाचं मूळ शोधायला आलेल्या डॉ. चार्ल्स बेंटले यांनी १९११ च्या अहवालात बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींवर. मलेरियाचा शहरी डास गटाराच्या घाण पाण्यात सहसा रमत नाही. त्याला स्वच्छ, गार, साठलेलं पाणी हवं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसतं का, हे आज संध्याकाळीच बघा. आणि भिंतीवरचा डास मागची बाजू वर करून, डोकं खाली घालून तिरका बसला असेल तर तो मलेरियावाला ॲनॉफिलीस समजा.

घड्याळ लावून येणारे

विदर्भातल्या गावांत आरोग्य कर्मचारी रात्री उशिरा दार वाजवतात, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतात. लोक वैतागतात: ही काय वेळ आहे? हीच वेळ आहे. हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्या दिवसभर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री साधारण दहा ते दोनच्या दरम्यान कातडीजवळच्या रक्तात येतात, कारण त्यांना पुढे नेणारा डास तेव्हाच चावतो. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसात त्यांचं वेळापत्रकही उलटतं!

या रोगात डासाचा हात आहे हे १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी दाखवलं. तेव्हाही अंगावर डास चावून घेणारा गरीब माणूस होता: त्यांच्या पदरचा हिनलो नावाचा नोकर. जंत रसवाहिन्यांत पाच-सात वर्षं जगतात, पाय सुजायला लागतो तो नंतर कितीतरी वर्षांनी. म्हणून धडधाकट माणसानेही आशाताईंनी दिलेल्या हत्तीरोगावरच्या गोळ्या त्यांच्यासमोर खायच्या असतात. पाय हत्तीसारखा झाल्यावर गोळीने तो पूर्ववत होत नाही.

चंद्रपूरचा शेतकरी

ही गोष्ट आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक आहे. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला महिनोन् महिने ताप येत-जात होता. रक्त तपासलं तर त्यात वळवळणारा परजीवी निघाला, जनावरांना ‘सर्रा’ हा रोग देणारा. चावऱ्या माश्या तो बैल, घोडे, उंटांत पसरवतात. माणसाला तो होत नाही, असं पुस्तकांत होतं. कारण आपल्या रक्तात एक प्रथिन असतं, ते या जीवाला मारून टाकतं.

मग याला कसा झाला? पुढच्या तपासात कळलं, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही जनुकांत बिघाड असल्याने त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचं जुनं औषध, सुरामिन, त्याला दिलं आणि तो बरा झाला. आपण सगळे गोठ्यात, बाजारात, बैलपोळ्याला या परजीवीच्या शेजारून सुखरूप फिरतो ते कशाच्या जोरावर, हे जगाला कळलं ते चंद्रपूरच्या एका शेतकऱ्याच्या रक्तामुळे.

कोकणातही अशीच एक जागा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. लघवीतून रक्त पाडणारा, आफ्रिका आणि मध्यपूर्वेत आढळणारा शिस्टोसोमा १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी या गावात नोंदवला. या कृमीत नराच्या अंगाला लांब खोबण असते, तिच्यात मादी शिरते आणि दोघं आयुष्यभर तशीच राहतात.

आजीच्या घोट्यावरची खूण

आता नारू. आजीच्या उजव्या घोट्यावर रुपयाएवढा गुळगुळीत, केस नसलेला डाग होता. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायची. ती सांगायची: आधी फोड आला, निखारा ठेवल्यासारखी आग. पाय पाण्यात बुडवला की बरं वाटायचं. मग फोड फुटला आणि आतून पांढरं टोक दिसलं, शेवईच्या काडीसारखं. सासऱ्यांनी ते बारीक काडीला गुंडाळलं. रोज दोन-चार बोटं बाहेर यायचं, तेवढंच काडीला एक वळसा. ओढायचं नाही. तुटला तर आत सडतो, पाय सुजून माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. पेरणी तोंडावर आली होती. आजी खाटेवर, काडी घोट्याला बांधलेली, आणि औताच्या मागे बियाणं सोडायला माणूस नाही. त्या वर्षी एक शेत पडीक राहिलं. ती पायाच्या दुखण्याबद्दल कमी आणि त्या शेताबद्दल जास्त बोलायची.

आजीला ज्या पाण्यात बरं वाटायचं, तिथेच रोगाचं चक्र होतं. पायविहिरीच्या पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर भरायची. पाणी लागताच मीटरभर लांबीची नारूची मादी लाखो अळ्या सोडते. त्या सायक्लॉप्स नावाचा टाचणीच्या टोकाएवढा जलचर गिळतो. तो घागरीतून माणसाच्या पोटात जातो, आणि साधारण वर्षभराने पुढचा फोड. सायक्लॉप्सचा हा वाटा १८७० मध्ये अलेक्सेई फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने शोधला.

नारूवर लस नाही, औषध नाही. तरी तो गेला. १९८४ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते. आरोग्यसेवक घरोघर पाय तपासत फिरले. पायविहिरींना कठडे आले, रहाट बसले, हातपंप खणले गेले, पाण्यात टेमेफॉसचे थेंब पडले. आणि घरोघरच्या बायांनी घागरीच्या तोंडावर दुपदरी फडकं बांधलं. माझ्या मते या सगळ्यात मोठं शस्त्र ते फडकंच. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवलं. आजीला ही बातमी मी वाचून दाखवली. "मेला का तो," एवढंच म्हणाली आणि घोटा चोळत बसली.

जगात १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ मध्ये १५. या कामामागे चाळीसेक वर्षं उभे राहिले ते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर. शेवटचा नारू आपल्याआधी मरावा, ही त्यांची इच्छा होती. २९ डिसेंबर २०२४ ला, वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले. नारू थोडक्यात उरला.

उरलाय तो मुख्यतः आफ्रिकेत, चाडसारख्या देशांत, आणि तिथे आता कुत्र्यांमध्ये शिरलाय. कुत्र्यांनी ती खाऊ नयेत म्हणून तिथले गावकरी माशांची आतडी उघड्यावर न टाकता पुरतात. कुत्र्याच्या पायावर फोड दिसला की मालक त्याला दारातच बांधतो, तळ्याकडे जाऊ देत नाही. कळवणाऱ्याला आणि बांधून ठेवणाऱ्याला बक्षीस मिळतं. नारू पुरता बाहेर येईपर्यंत त्या कुत्र्याला पाणी जागेवर आणून दिलं जातं.